महिपतीकाकांची करवत

विशालने हत्यारांची यादी दोनदा लिहिली. पहिलीत कटर, ड्रिल, सगळं विजेवर चालणारं होतं. ती डॉक्टरांनी पुरती वाचलीसुद्धा नाही. "लाकडाची बारीक धूळ ह्या छातीत जाता कामा नये," एवढंच म्हणाले. धाटावच्या कंपनीत गळती होऊन त्याच्या छातीत विषारी वायू गेला तेव्हा लेक भूमिका बायकोच्या, प्रतिक्षाच्या पोटात होती. आता ती अकरा महिन्यांची झाली, तरी कंपनीने त्याला परत घेतलं नव्हतं. रोह्याच्या घराची पडवी त्याने सुतारकामासाठी रिकामी करून ठेवली होती. रोज सकाळी तो ती झाडायचा. झाडून झालं की उंबऱ्यावर बसून राहायचा.

दुसरी यादी हाताच्या हत्यारांची. "मशीनची धूळ हवेत तरंगते गो, हातकरवतीचा भुसा पायाशी पडतो," हे त्याने प्रतिक्षाला इतक्यांदा सांगितलं की तिला ते पाठ झालं. करवत ओढायला दम लागतो, हे मात्र दोघांनीही तोंडातून काढलं नाही. हेही जमलं नाही तर त्याला दुसरं काही उरत नव्हतं.

पेणचे जुने सुतार महिपतीकाका आपली हत्यारं काढून टाकतायत असं कळलं, तशी दोघं पोरीला घेऊन सकाळच्या एसटीने आली. काकांचे हात थरथरायला लागले होते, काम सुटलं होतं. अंगणात गोणपाटावर त्यांनी हत्यारं मांडली होती, आणि मधोमध करवत.

"आधी सांग, करणार काय? हत्यार भिंतीला टांगायला देणार नाय मी."

"पहिला पांगुळगाडा. हिला."

"बापाच्या हातचा गाडा? मग पोरगी चालायची नाय, धावायचीच. तुला सापडेल काय ती?"

विशाल हसला. हसताना आलेला खोकला त्याने घशातच दाबला. काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि यादी लांब धरून वाचायला घेतली.

"गुण्या पहिला घे. काटकोन चुकला की गाडा लंगडतो. खाचा काढायला पटाशा तीन बस झाल्या, सहा कशाला? रंधा एक. भोकं पाडायचं गिरमिट राहू दे, त्याला छातीचा जोर लागतो."

"आणि करवत," विशाल म्हणाला.

"घे की. चाळीस वर्षांत माझ्या करवतीला कुणी नाव ठेवलं नाय. पण चालवून दाखव."

सागाची फळी स्टुलावर ठेवून विशालने गुडघा रोवला. करवत सुरू झाली. भूमिकाला तो आवाज आवडला, आईच्या कडेवर ती टाळ्या पिटू लागली. प्रतिक्षा मोजत होती. घरीही ती मोजायची: कळशी उचलली की किती श्वास, पोरीला उचललं की किती. नवव्या ओढीला तो थांबला, भुसा झटकायचं निमित्त करून. चौदाव्याला करवत फळीतच राहिली. त्याने फळीवर तळवा टेकला, तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे वर-खाली होत होते. कापलं होतं बोटाच्या एका पेराएवढं.

भूमिकाला आवाज परत हवा होता. ती "आँ, आँ" करून हात नाचवत राहिली.

"करवत..." विशाल म्हणाला. त्याने श्वास ओढला. "बोथट हाय, काका."

प्रतिक्षाने करवतीकडे पाहिलं. दात नुकते घासलेले, चांदीसारखे पांढरे. काकांच्या पायाशी धार लावायची कानस पडली होती आणि त्यांच्या कापऱ्या बोटांवर लोखंडाची काळी पूड होती. सकाळी किती वेळ बसले असतील बिचारे, असं तिच्या मनात आलं. आता हा म्हातारा भडकणार म्हणून तिने पोरीला छातीशी धरलं.

काकांनी फळीतून करवत हळूच सोडवली.

"व्हय रे," ते म्हणाले. "बोथटच हाय. हात कापतात, धार लावायची राहून गेली. असली करवत देऊन माझं नाव घालवू काय? ही विकायची नाय." करवत त्यांनी गोणपाटाखाली सरकवली. "फळ्या वखारीतून कापून आण. तू खाचा काढ, बसून. घाई नाय कसली."

प्रतिक्षा त्यांच्या पाया पडली. कशाला ते विशालला कळलं की नाही, त्याने दाखवलं नाही.

एसटी स्टँडवर घेतलेली हत्यारं पायाशी ठेवून बाकड्यावर बसल्यावर त्याने यादी काढली. 'करवत'वर रेघ मारली.

"धार होती गो तिला."

"मला काय कळतं त्यातलं," प्रतिक्षा म्हणाली.

"कळतं तुला."

तिने पोरीला खाली उभं केलं. बापाची दोन बोटं मुठीत धरून भूमिका डुलत उभी राहिली. मग एक बोट सोडलं, मग दुसरंही. कशाचाच आधार नसलेली, ती त्याच्या तोंडाकडे बघत थांबली.

'ये' म्हणायला विशालने तोंड उघडलं. स्टँडपर्यंत चालून लागलेला दम अजून ओसरला नव्हता.