बोर्तोलोचा चेहरा

मित्रांनो, मी जन्मलो तोच म्हातारा. व्हेनिसच्या एका कारागिराने ओलं चामडं लाकडी साच्यावर ठोकलं, लांब नाक काढलं, कपाळाला आठ्या पाडल्या, आणि मी झालो नाटकातल्या चिक्कू व्यापाऱ्याचा मुखवटा. आता फार थकलोय. नाकाला चीर गेली आहे, बोलायचाही कंटाळा येतो. तरी एवढं सांगून टाकतो.

चाळीस वर्षं मला बोर्तोलो नावाच्या नटाने घातलं. आमचा खेळ ठरलेला. चाकर मालकाचं सोंग घेऊन घरात घुसतो, आणि खरा मालक आला की सगळे त्यालाच तोतया म्हणून हाकलतात. लोक पोट धरधरून हसायचे. बोर्तोलोचं नाव गावभर झालं, पण तोंड कोणी पाहिलं नाही. आमच्याकडे नट मुखवटा चढवूनच लोकांपुढे येतो आणि पडद्यामागे जाऊनच उतरवतो.

मग त्याचे गुडघे गेले. एका खेळात तो मधेच मटकन खाली बसला. नाटक मंडळीचा मालक आन्झोलो म्हणाला, "पुन्हा असं झालं तर बोचकं बांधायचं, बोर्तोलो. मला लंगडा म्हातारा नकोय."

"अरे, म्हाताऱ्याचंच तर काम करतो मी!"

"ते करायला तरणा माणूस लागतो."

बोर्तोलो दोन दिवस जेवला नाही. मंडळीबाहेर त्याला घर नव्हतंच. त्याची मुलगी झानेत्ता लहानपणापासून पडद्याआडून त्याची एकेक लकब बघत आली होती. तिने पोटाला उशी बांधली, झगा घातला आणि मला तोंडावर चढवलं. म्हणाली, "बाबा, आज तुम्ही लोकांत बसा. कोणाला कळणार नाही."

नाहीच कळलं. ती अशी काही फेंगडत चालली, की चौकात हशा मावेना. बोर्तोलोच्या शेजारी बसलेली मासेवाली ओरडली, "वा रे बोर्तोलो! शंभरात ओळखीन याची चाल!"

त्याला राहवेना. "बाई, बोर्तोलो मी आहे."

"हो का? मग मी राणी!" ती खिदळली. "गप बसा, आजोबा. खरा बोर्तोलो बघा कसा उड्या मारतोय!"

आजूबाजूचे सगळे हसले. बोर्तोलोही हसला, पण त्याने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. मला मंचावरून दिसलं. फार वाईट वाटलं हो.

आन्झोलोला खेळानंतर कळलं. तो म्हणाला, "लोक खूश आहेत ना? मग तोंड मिटून ठेवा. नाव बोर्तोलोचंच चालू दे. राहा दोघंही." जागा टिकली. त्या दिवसापासून झानेत्ताच्या डोक्यामागे माझी दोरी बोर्तोलोच बांधायचा. गाठ मारून हळूच म्हणायचा, "जा, बोर्तोलो."

तिसऱ्या वर्षी, सणाच्या ऐन गर्दीत, तो सकाळी गेला. दुपारी खेळ होता, आणि आन्झोलोने तो रद्द केला नाही. गावात कोणी आदराने टोपी काढली नाही, कोणी हळहळलं नाही. हळहळणार तरी कसं? बोर्तोलो तर समोर नाचत होता. लोक ओरडत होते, "शंभर वर्षं जग, बोर्तोलो!" माझ्या आत झानेत्ताचं रडं थांबत नव्हतं. माझं चामडं आतून चिंब भिजलं, बाहेरून कोणाला काही दिसलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या चामड्याला कधीतरी तेल लावा, उन्हात टाकू नका. पण त्याआधी एक करा. टाळ्या वाजवून झाल्या की लगेच घरी पळू नका. पडद्यामागे जा आणि विचारा, "आज आत कोण होतं?" बोर्तोलोला चाळीस वर्षांत ते एकदाही कोणी विचारलं नाही.