ओला दगड

सुगंधाबाईनं डोक्यावरची घागर खाणीच्या तोंडाशी, नेमकी पोचूच्या वाटेत उतरवली. सकाळची पाळी आत चालली होती. मागची माणसं थबकली. कुणीतरी हसलं.

"हे घेऊन जा," ती म्हणाली.

"घरी बोललो होतो ना तुले," पोचू दबक्या आवाजात बायकोवर खेकसला. "लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या."

कोळशावरची माणसं काळी होऊन वर येत. पोचू आणि त्याचा जोडीदार कोलू पांढरे होऊन येत. कोळशाच्या नव्या थराकडे जाणारा बोगदा निखळ दगडातून निघत होता. मशीननं भोक पाडताना उडणारी भुकटी पापण्यांवर, मिशांवर, ओठांवर पिठासारखी बसे. लोक त्यांना नवरदेव म्हणून चिडवत, आणि पोचूलाही त्यात मजा वाटे. सुगंधाबाईला ती कधीच वाटली नाही. तिचा थोरला भाऊ लटारू असाच पांढरा होऊन दगडाच्या खाणीतून घरी यायचा. शेवटी शेवटी त्याला आडवं होता येईना. भिंतीला टेकून बसल्या बसल्याच तो गेला. चांद्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तेव्हा तिला सांगितलं होतं, ही धूळ छातीत बसली की पुन्हा निघत नाही. दगड ओला करून फोडला असता, तर ती एवढी उडालीच नसती.

मॅनेजरसाहेबांनी मशीनला जोडायचा पाण्याचा नळ मागवला होता. तो येईल तेव्हा येईल. तोवर काम थांबणार नव्हतं.

पोचूनं घागर उचलली ती फक्त तिथून सुटण्यासाठी.

आत बोगद्याच्या कामावर देखरेख करणारा सरदार मुखरू उभा होता. घागर पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आता दगडाले पाणी पाजतं काय गा?"

"बायको आयकत नाई, सरदार."

घागर कोपऱ्यात ठेवून द्यावी आणि वर जाऊन काहीतरी सांगावं, असंच पोचूच्या मनात होतं. मग त्याला तिची मान आठवली. विहीर नाल्यापलीकडे होती. एवढा चढ चढून आल्यावर घागर उतरवताना तिची मान थरथरत होती. त्यानं पोत्याचा एक तुकडा फाडला, भिजवला आणि भोकाच्या तोंडाशी गुंडाळून धरला. कोलू टिनाच्या डब्यानं पाणी सोडू लागला. मशीन घरघरली. भोकातून भुकटीऐवजी राखाडी चिखल ओघळला, दोघांच्या छातीवर, पोटऱ्यांवर उडाला. काम हळू चाललं. मुखरू ओरडून गेला, परत येऊन पुन्हा ओरडला. पण त्या दिवशी पोचूला दिव्याचा उजेड समोरच्या दगडापर्यंत पोचलेला दिसला. शेजारी उभ्या कोलूचं तोंडही दिसलं.

पाळी सुटली. दगडावरची दुसरी जोडी नेहमीसारखी पांढरी होऊन वर आली. तिच्या मागून आलेले पोचू आणि कोलू मात्र धानाच्या रोवण्यातून, चिखलातून उठून आल्यासारखे दिसत होते. खाणीवर कोळसा भरणाऱ्या बायकांनी हातातल्या टोपल्या खाली ठेवल्या. कोलूची बायको सोनीबाई एकदा आपल्या नवऱ्याकडे आणि एकदा त्या पांढऱ्या जोडीकडे बघत राहिली.

दुसऱ्या सकाळी खाणीच्या तोंडाशी दोन घागरी होत्या. पुढे दुसऱ्या जोडीच्याही आल्या. बायकांना आत उतरायची बंदी होती, म्हणून त्या तोंडाशीच रांगेनं उभ्या राहत. दगडावरचा एखादा रिकाम्या हातानं पुढे निघाला तर त्याला कोणी अडवत नसे. सगळ्या नुसत्या त्याच्याकडे बघत, आणि तो मुकाट्यानं मागे वळून घागर उचले. पोचू आता बायकोसमोरून जरा सावकाश जाऊ लागला होता. घागर खांद्यावर चढवायलाही उगीच वेळ लावायचा.

एका संध्याकाळी मुखरू त्यांच्या घरी आला. पाणी बंद करायला सांगणार, या धास्तीनं पोचू उभाच राहिला. सुगंधाबाईनं खाट पुढे केली. अंगणातली एवढीशी पायरी चढून मुखरूला धाप लागली होती. गुडघ्यांवर हात टेकून तो बराच वेळ बसला. त्याच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. बोगद्यात मशीनच्या घरघरीत पोचूला तो कधी ऐकू आला नव्हता.

"बाई," अखेर मुखरू म्हणाला, "उद्या एक घागर जास्त आणशील काय?"

"तुमच्यासाठी, भाऊ?"

मुखरू किंचित हसला.

"माह्यं झालं आता. माह्या पोरीचा, रंभाचा नवरा उद्यापासून दगडावर येऊन राह्यला. नवा आहे, लाजंन. तूच दे त्याच्या हातात."

सुगंधाबाईनं पाण्याचा लोटा त्याच्यापुढे ठेवला.

"घागर मी भरून आणीन," ती म्हणाली. "पण हातात रंभाच देईल. तिले सकाळी माह्याकडे धाडा."

मुखरूनं मान हलवली. उठताना त्याचा तोल जाऊ लागला, तसा पोचूनं पुढे होऊन त्याचा हात धरला. दारापर्यंत सोडावं म्हणून निघालेला पोचू मग त्याच्याच चालीनं, जागोजागी थांबत, पार त्याच्या घरापर्यंत गेला.