मनगटं सोडा

पाळणाघराच्या हॉलमध्ये एकेचाळीस माणसं, एक खुर्ची आणि तेरा महिन्यांचं एक बाळ. खुर्चीत बोटवाणीताई, त्यांच्या मांडीवर बाळ, बाळाची दोन्ही मनगटं ताईंच्या मुठींत.

“गेल्या जन्माची भाषा अजून बोटांत ओली असते! तोंड खोटं बोलेल, बोटं नाही!” ताई हेल काढून सांगत होत्या. लोक हात जोडून बसले होते.

याच बोटांनी आठवड्यापूर्वी सांगितलं होतं, ‘मावशी चिमटे काढते.’ ती माझी सख्खी मावशी. याच पाळणाघरात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्याच संध्याकाळी तिला हाकललं.

खरं तर बाळाला खुणा शिकवल्या मावशीनेच. मूठ उघडली-मिटली की दूध. बोटांची टोकं जुळवली की आणखी. मुलांची जीभ वळण्याआधी हात वळतो. मागता आलं की रडं कमी होतं. बाळाच्या घरी कुणाला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या आईने खुणा पाहिल्या आणि चमत्कार समजून ताईंना बोलावलं.

“ताई, एक शंका आहे.”

“विचार पोरी. शंका ही श्रद्धेची धाकटी बहीण.”

“मग आज थोरलीला भेटूच.”

मी ताईंच्या तोंडासमोर पुठ्ठा धरला. बाळ पुठ्ठ्याच्या पुढे, ताईंच्या मुठी पुठ्ठ्याखालून त्याच्या मनगटांवर. पुठ्ठ्याच्या ताईंकडच्या बाजूला मी चित्र लावायचं, समोरून आईने बाळाला वस्तू दाखवायची, आणि बाळाला काय दिसतं ते ताईंनी बोटांतून वाचायचं. दोन्ही एकच असतील, असं मी म्हटलं नव्हतं. लोकांना मात्र बजावलं होतं, चकार शब्द काढायचा नाही.

आईच्या हातात पेला. बाळाचे हात गोल फिरले. “चेंडू!” ताई गरजल्या.

आईच्या हातात कंगवा. “फूल!”

तिसऱ्या वेळी लोकांचे जोडलेले हात सुटू लागले. चौथ्या वेळी आई पुटपुटली, “पुरे कर गं.”

“मावशीही हेच म्हणत होती. तुम्ही थांबलात?”

सहा वेळा केलं. मग पुठ्ठा सगळ्यांकडे फिरवला. शेवटचं चित्र छत्रीचं होतं, ताईही ‘छत्री’च म्हणाल्या होत्या. आईच्या हातात चमचा होता.

“नकारात्मक लहरी आहेत इथे!” ताई किंचाळल्या.

“लहरी नाहीत, तुमच्या मुठी आहेत. मनगटं सोडा.”

मी लोकांकडे वळले. “कुणाची भाकरी हिरावण्याआधी एवढं तरी तपासा, हात कुणाचा आणि हलवतंय कोण.” मग दार उघडून मावशीला आत घेतलं.

बाळाला दिसलेल्या वस्तू ओळखल्या: सहापैकी शून्य. ताईंना दिसलेली चित्रं ओळखली: सहापैकी सहा. मनगटं सुटल्यावर, मावशी दारात दिसताच, बाळाच्या बोटांची टोकं जुळली: तीन वेळा.