दुसऱ्या मजल्यावरच्या दाराचा डोळा

मित्रांनो, मुलुंडच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दारात बसवलेला जुना काचेचा डोळा आहे मी. बाहेरचा माणूस आतून दिसावा, एवढंच माझं काम. माझ्यातून सगळ्यांची नाकं बटाट्याएवढी दिसतात आणि पाय काडीएवढे. त्यामुळे जगाचा मोठेपणा मी कधी मनावर घेतला नाही.

माझ्या जोरावर या घरचा मालक चंद्रप्रकाश कारकून पक्का बनेल झाला. वर्गणीवाले, साबणवाली, विमा एजंट, सगळ्यांना तो नाकावरून ओळखी आणि श्वास रोखून उभा राही. "आपण बारा गावचं पाणी प्यालोय," असं बायकोला, प्रेमाला, सांगे. खरं तर तो फक्त मुलुंडचंच पाणी प्याला होता, तेही उकळून.

त्र्याऐंशी साली, गिरण्यांचा संप लांबला तेव्हा, एका दुपारी बेल वाजली. चंद्रप्रकाशने मला डोळा लावला. बाहेर त्याचा थोरला भाऊ दशरथ. यानेच गिरणीत राबून त्याला शिकवलं होतं. हातात ट्रंक, खांद्यावर वळकटी.

"कोण आहे?" प्रेमाने विचारलं.

"दादा. बिऱ्हाड घेऊन आलाय. राहायलाच."

"मग उघडा ना!"

"हळू बोल गं!"

मित्रांनो, माझी एक खोड मी कुणाला सांगितली नव्हती. आतून कोणी डोळा लावला की बाहेरून माझ्यातला उजेडाचा ठिपका विझतो. दशरथने तो विझताना पाहिला. पुन्हा बेलकडे गेलेला हात त्याने खाली घेतला.

शेजारच्या वसुधाताई बाहेर आल्या. "अहो, आतच आहेत ते. आत्ता रेडिओ वाजत होता."

"नाय ओ, घरात कोण नाय," दशरथ म्हणाला. "आला की सांगा, दादा गावाला गेला. कायमचा. चारची एस.टी. आहे. जाताना जरा तोंड बघायचं होतं, बस."

प्रेमाने कडीला हात घातला. चंद्रप्रकाशने तो धरला. "आता उघडलं तर आत होतो हे कळेल ना त्याला!"

दशरथ जिन्याकडे वळला. माझ्यातून पाहिलं की जाणारा माणूस फार लवकर लहान होतो.

श्रावणात दशरथ गेल्याची तार आली. त्याच संध्याकाळी चंद्रप्रकाशने माझ्यावर चिकटपट्टी लावली. आता बेल वाजली की तो न बघता दार उघडतो. परवा एकाने त्याला दोन डझन अगरबत्त्या आणि उंदराचा पिंजरा विकला. तरी हा म्हणतच होता, "आत या ना. बसा जरा."

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण आपलं माणूस दाराशी आलं, तर त्याचं सामान मोजू नका. आधी कडी काढा. कुठे निघालास, हे त्यालाच विचारा.