पिन पुन्हा पहिल्याच भोकात

"अहो, ही पिन परत पहिल्या भोकात कुणी घातली?"

"तिसऱ्यात आहे ती," नवरा धक्क्यावरून म्हणाला. अगदी शांतपणे. ह्यांच्या याच शांतपणाने माझं डोकं फिरतं.

होडीच्या मागे मोटर टांगतात, तिच्या पट्टीला ओळीने पाच भोकं असतात. पिन ज्या भोकात, त्यावर मोटर किती तिरकी राहणार ते ठरतं. आमचे हे पडले शंभर किलोचे. हे मागे बसले की होडीचं नाक वर जायचं, म्हणून ते दाबायला पिन होडीलगतच्या पहिल्या भोकात. वीस वर्षं तिथेच. पण गुडघे दुखतात म्हणत यंदा ही उतारूंची होडी माझ्या गळ्यात घातली, आणि मी ह्यांच्या निम्मी! त्यात होडी चालवायच्या परवान्याचे परीक्षक चांगले अंगाने भरलेले, ते बसणार पुढे. पहिल्या भोकात पिन असली की होडी नाक पाण्यात खुपसते आणि वळवताना भलतीकडेच ओढते.

दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा मी आदल्या दिवशी पिन तिसऱ्यात लावली होती. ह्यांनी ती पुसायला, ग्रीस लावायला काढली आणि परत पहिल्यात घातली. दुसऱ्या वेळी तर शपथेवर सांगितलं, तिसऱ्यातच आहे म्हणून. मी मेली विश्वास ठेवून बसले. आज शेवटची संधी. परवाना नाही मिळाला तर होडी विकावी लागणार.

"मी पास व्हायलाच नकोय तुम्हाला!"

"अगं, मोजून घातलीये."

"मोजून? या, दाखवा!"

हे टुणकन होडीत उतरले. वाकून एका बोटाने मोजू लागले. "एक, दोन... ही बघ, तिसऱ्यात."

बोट नुसत्या लोखंडावर टेकलं होतं. पिन चार अंगुळं अलीकडे होती.

मी ह्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. "कधीपासून दिसत नाही?"

"दोन वर्षं झाली. सगळं धुरकट."

"आणि गुडघे?"

"गुडघे ठणठणीत आहेत."

"दोन वर्षं माणसं भरून होडी चालवलीत? अक्कल गहाण टाकली होती का?"

"तू असायचीस ना पुढे. 'डावीकडे घ्या, तो खडक दिसत नाही का, आंधळे झालात का!' सारखा तोंडाचा पट्टा. त्यावरच चालवायचो."

"मग सोडलीत का?"

"मागे तुझा घसा बसला होता चार दिवस, आठवतं?" हे खाली बघत म्हणाले. "तेव्हा फार घाबरलो गं."

परीक्षक वही घेऊन धक्क्यावर आले होते. "बाई, झाली का तयारी?"

"एक मिनिट," मी म्हटलं. पिन उपसून तिसऱ्या भोकात सरकवली. मग ह्यांचा हात ओढून तिच्यावर ठेवला.

"हे तिसरं. नीट चाचपून ठेवा. उद्यापासूनही ग्रीस तुम्हीच लावायचंय."