कपाचा कान

कपाचा कान – तेवढाच तिच्या ओळखीचा होता. टेबलाच्या उजव्या टोकाला, चित्र जिथं संपायचं तिथं, पांढऱ्या चिनी मातीचा तो वळणदार कान, आणि त्यापुढे टीव्हीची काळी कड. आता त्या कानाला कप होता. कपाखाली बशी होती, बशीपाशी मनगट, मनगटावर दुमडलेली बाही, आणि बाहीच्या वर... तिनं चित्र थांबवलं. तिथं एक माणूस बसला होता.

हेडफोन उतरवून तिनं मांडीवर ठेवले. खोलीत यंत्रांची बारीक घुंईघुंई, खिडकीवर जाड काळा पडदा; बाहेर चांगलं ऊन पडलेलं असणार. जुन्या सिनेमांच्या, घरी बघायच्या डिस्क काढणाऱ्या या छोट्या कंपनीत तिचं काम एवढंच – डिस्क छापायला जाण्याआधी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची. चित्र कुठं फुटतंय, आवाज ओठांच्या मागं रेंगाळतोय का, फिल्मवरचा जुना, रवाळ दाणा घासून काढण्याच्या नादात कुणाचा चेहरा मेणाचा तर झाला नाही ना, हे हेरायचं. 'आमची मुलगी पगार घेऊन सिनेमे बघते,' असं बाबा शेजाऱ्यांना सांगत, आणि त्यात तक्रार किती न् कौतुक किती हे चाळिशी उलटली तरी तिला ठरवता आलेलं नव्हतं.

आजचा सिनेमा तर तिला तोंडपाठ. इस्त्रीवाल्या बाईचा सिनेमा. दिवसभर परक्यांचे कपडे कडक करून ती बाई संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते आणि बोलत राहते – गिऱ्हाइकांबद्दल, दुखऱ्या खांद्याबद्दल, बहिणीच्या लग्नात आपल्याला कुणी बसायला खुर्ची दिली नाही त्याबद्दल... आणि शेवटी म्हणते, 'आज मी कुणाकडे काही मागितलं नाही.' लहानपणी घरी त्याची व्हिडिओ टेप होती. हाच प्रसंग इतक्या वेळा मागेपुढे केलेला, की तिथं चित्रावर पट्ट्या उमटायच्या. तिला तो पट्ट्यांसकट पाठ होता. आणि त्यात ती बाई एकटी होती.

कारण ठाऊक नव्हतं असं नाही. पडदा रुंद, त्या काळचा टीव्ही चौकोनी. टेप काढणाऱ्यांनी चित्राच्या दोन्ही बाजू सरळ छाटून टाकलेल्या, आणि नंतरची डिस्कही त्याच टेपेवरून उतरवलेली. नव्या माणसांना ती स्वतःच हे समजावून सांगत असे, हातांची चौकट करून. पण बाजू छाटल्यात हे ठाऊक असणं वेगळं, आणि छाटलेल्या बाजूला कुणीतरी चहा पीत बसलेलं असणं वेगळं. मूळ निगेटिव्हवरून काढलेल्या या प्रतीत तो होता – टक्कल पडू लागलेला, मांडीवर बूट घेऊन फडक्यानं पुसणारा, मधूनच मान हलवणारा. नवरा असेल, भाऊ असेल, भाडेकरू असेल. ती बाई त्याच्याकडे एकदाही बघत नव्हती. बघण्याची गरजच नसावी इतका तो तिथला होता.

...ती लहान होती, तेव्हा आई दुसऱ्या शहरात नोकरीला होती. महिन्यातून एकदा यायची. मग नोकरी संपली, तरी आई तिथंच राहिली. याबद्दल घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही, भांडलं नाही, फक्त आईचा टॉवेल दोरीवरून गेला. बाबा कणीक मळताना स्वतःशी बोलायचे. हळूहळू, कुणाला तरी हिशेब समजावून द्यावा तसं – आज साहेब असं म्हणाला, मी तसं म्हणालो असतो, पण म्हणालो नाही. दाराआडून ऐकताना तिला भीती वाटायची. आणि मग ती टेप घरात आली, आणि ती बाई, आणि समोर कुणी नसताना तिचं ते ऐसपैस बोलणं. उजव्या कडेला दिसणारा कपाचा कान म्हणजे न आलेल्या कुणासाठी बाईनं भरून ठेवलेला चहा, असं तिनं ठरवून टाकलेलं. पाहुणा येत नाही, तरी बाई रडत नाही, पुढं बोलते. म्हणजे मोठी माणसं असं करतात. म्हणजे बाबांना काही झालेलं नाही.

मी तिच्याकडूनच शिकले की सगळं, तिच्या मनात आलं. माझं लग्न मोडलं तेव्हा त्या रिकाम्या भाड्याच्या खोलीत पहिल्या संध्याकाळी मी टेबलाशी बसले आणि मोठ्यानं दिवस सांगितला, भिंतीला, आणि मला बरं वाटलं. मैत्रिणी म्हणाल्या, काय खमकी आहेस गं. तो खमकेपणा उसना होता. आणि जिच्याकडून उसना घेतला, तिच्याजवळ आयुष्यभर एक माणूस बूट पुसत बसलेला होता!

तिला हसू आलं. आधी नाकातल्या नाकात, मग चक्क मोठ्यानं.

सकाळीच कंपनीच्या मॅडमनी तिला विचारून ठेवलं होतं. बहुतेकांनी हा सिनेमा टेपेवरच पाहिलेला, तेव्हा ती अरुंद प्रतही जोड म्हणून डिस्कवर घालावी का? दुपारपर्यंत सांग, संध्याकाळी छापायला जाणार. डिस्कवर जागा ठरलेली; दोन प्रती कोंबल्या की मुख्य चित्राला दाटीवाटी, आणि अंधाराच्या प्रसंगांत काळ्या रंगाचे ठोकळे पडणार. सकाळी ती मनाशी म्हणाली होती, नको. आता मात्र तिला ती अरुंद प्रत हवीशी वाटायला लागली – कुठंतरी ती बाई एकटी राहायला हवी, निदान डिस्कच्या एका कोपऱ्यात.

ठरेना, म्हणून ती शेजारच्या खोलीत गेली. तिथला ध्वनीवाला म्हणजे बहिरोबा. एकदा हेडफोन चढवले की आगीची घंटा वाजली तरी पत्ता नसायचा, म्हणून ते नाव. तो एका जुन्या हिपहॉप अल्बमवर काम करत होता. आधीची सीडी इतकी दणदणीत करून ठेवलेली, की ठेका, शब्द, मागचे सूर सगळे एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून कोंबलेले. मूळ टेपा सापडल्यावर त्यानं प्रत्येकाला बसायला जागा करून दिली होती, आणि दोन ओळींच्या मधून नवंच काहीतरी ऐकू यायला लागलं होतं – रॅप करणाऱ्याचा श्वास. काल तो रॅपवाला स्वतः ऐकायला येऊन गेला म्हणे. पोट सुटलेला, आता लोकांना गाडी चालवायला शिकवणारा गृहस्थ.

"शेवटपर्यंत ऐकलं त्यानं," बहिरोबा म्हणाला. "मग म्हणतो, एवढा दम लागायचा मला? मी तर लोकांना सांगत आलोय, एका दमात म्हटलंय म्हणून."

"मग? काढून टाक म्हणाला?"

"नाही. म्हणाला, परत लाव. शब्द राहू देत, मधलं ऐकू दे."

जुने चाहते आपल्याला शिव्या घालणार, हेही बहिरोबानं सांगितलं. दणदणाट गेला म्हणतील, आणि त्यांचंही खोटं नाही, ते त्या दणदणाटावरच मोठे झाले. एवढं बोलून त्यानं हेडफोन चढवले, म्हणजे संपलंच.

ती परत येऊन बसली. प्रसंग पुन्हा पहिल्यापासून लावला. या वेळी बाईकडे बघितलंच नाही, त्या माणसाकडेच बघत राहिली. 'आज मी कुणाकडे काही मागितलं नाही' या वाक्याला त्याचं फडकं क्षणभर थांबतं. एवढंच. पुन्हा चालू होतं. तिनं मॅडमना जाऊन सांगितलं, अरुंद प्रत नको. अरुंद प्रत माझ्याजवळ आहे, पट्ट्यांसकट पाठ, ती छापायला कशाला हवी... हे अर्थात ती बोलली नाही. काळ्या ठोकळ्यांचं कारण दिलं, आणि ते खरंही होतं. ज्यांना ती हवी होती ते बाकीचे आपल्यालाही शिव्या घालणार, हे तिनं धरून ठेवलं. निघताना तपासणीची डिस्क तिनं पर्समध्ये टाकली.

घरी बाबा खिडकीशी खुर्ची ओढून, चष्म्याच्या काचा सदऱ्याला पुसत बसले होते. हल्ली ते तिच्याकडेच राहत. चहा झाला, गुडघ्याची चौकशी झाली. मग तिनं शक्य तितक्या सहज सांगितलं, की त्या इस्त्रीवाल्या बाईसमोर एक माणूस बसलेला असतो.

"असतो ना," बाबा म्हणाले.

त्यांनी तो सिनेमा थिएटरात पाहिलेला होता, रुंद पडद्यावर. लग्नाआधी, आईबरोबर.

"मग मला कधी सांगितलं नाहीत?"

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. "तू विचारलं होतंस, ती कुणाशी बोलते. मी म्हटलं, स्वतःशी. तेव्हा आपल्या घरात स्वतःशी बोलणारा मी एकटाच होतो, ठमे. म्हटलं, तेवढीच सोबत."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि दुसरं कुणीतरी त्याला 'येऊ दे, येऊ दे' करत होतं. तिला वाटलं होतं, राग येईल. आला नाही. इतकी वर्षं आपण त्या बाईकडून धीर घेत होतो, आणि पलीकडच्या खुर्चीत बसून बाबाही तिच्याकडूनच घेत होते, एकमेकांना पत्ता लागू न देता...

"बटाटे सोलत असतो तो," बाबा म्हणाले.

"बूट पुसत असतो."

"छे गं. बटाटे. सालं खाली पडतात तेव्हा तुझी आई हसली होती, मला चांगलं आठवतंय."

पर्स खुर्चीच्या पाठीला लटकत होती. हात लांब केला असता तर डिस्क निघाली असती, प्लेअर समोरच होता, आणि कोण खरं ते लगेच कळलं असतं. तिनं हात लांब केला नाही. उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि विचारलं, "सालं कशी होती बाबा? तुटकी तुटकी, की लांब?"

बाबा विचारात पडले. प्रश्न महत्त्वाचा असल्यासारखं, छताकडे बघत.

"लांब," ते म्हणाले. "एकसंध."

आणि तिला ती सालं दिसली.