पिकलेली खुर्ची

दूधवाल्याने सायकलच्या टोपलीतून कुत्र्याचं पिल्लू काढून दारात ठेवलं आणि म्हणाला, "ठेवून बघा. नाहीच जमलं, तर ही टोपली रोज इथूनच जाते."

काकांचं आणि पिल्लाचं बघताक्षणी जमलं. काकूंचं जमेल असं दिसेना. त्याचा तोरा बघून त्यांनी त्याचं नाव टिकोजीराव ठेवलं, पण अंगावरून हात काही फिरवला नाही.

पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या, एवढंच घर. काका जुन्या सोफ्यांना, खुर्च्यांना नवं कापड चढवून द्यायचे. उंबऱ्यावर हनुवटी टेकून टिकोजीरावाने पहिल्याच दिवशी घरचा धंदा नीट बघून घेतला. एक गिऱ्हाईक चांगला दणकट सोफा घेऊन आलं. काकांनी पक्कड घेतली, खिळे उपसले, कापड टरटर ओढून काढलं आणि आतला काथ्या कोपऱ्यात रचला. घाम पुसत म्हणाले, "चला, मोठं काम झालं." तेवढ्यात टिकोजीरावाचा डोळा लागला. रोज असंच व्हायचं. ढीग झाला की त्याला झोप यायची, त्यामुळे पुढे नवं कापडही चढतं हे त्याला कधी कळलंच नाही.

त्याला एवढं कळलं, की जग या दुकानात वस्तू फाडायला आणून देतं.

कुठल्या वस्तू फाडायच्या, हे त्याने नाकाने शोधून काढलं. फळीवरच्या नव्या कापडांना कुणाचाच वास नसायचा, त्यांना कुणी फाडत नव्हतं. येणाऱ्या खुर्च्यांना मात्र घामाचा, तेलाचा, सांडलेल्या चहाचा, दुपारच्या झोपांचा वास असायचा. म्हणजे माणूस मुरला की वस्तू पिकते, आणि पिकली की फाडायची. सरळ हिशेब.

बसून खाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने काकूंची चप्पल घेतली. चांगली पिकलेली होती. मग उशी घेतली. उशीतला कापूस तोंडाने ओढत नेऊन त्याने काकांच्या ढिगाशेजारी आपला छोटा ढीग घातला आणि शाबासकीची वाट बघत बसला.

"अहो, बघा तुमचे टिकोजीराव!"

"लहान आहे गं."

"तुम्हीही लहान होतात. उश्या खाल्ल्याचं सासूबाई कधी बोलल्या नाहीत. आणखी एक वस्तू फाडू दे, टोपलीत घालून परत पाठवते."

टोपली हा शब्द त्याला कळायचा. टोपलीत काकांच्या विजारीचा वास नव्हता, म्हणून त्याला टोपलीत जायचं नव्हतं. काकूंचा आवाज चढलाय त्याअर्थी आपलं काम कमी पडतंय, हे त्याने ओळखलं. उश्या-चपलांवर भागणार नव्हतं. काहीतरी मोठं काढायला हवं होतं.

मोठं घरातच होतं. काकूंची माहेरची खुर्ची! तिच्या वासात काकू होत्या, काकूंची आई होती, एक मांजरही होतं. दुपारीच काकू म्हणाल्या होत्या, "लोकांच्या खुर्च्या नव्या झाल्या, माझी मात्र दिव्याखालच्या अंधारात." आणि काका नेहमीसारखं म्हणाले होते, "उसवायलाच अर्धा दिवस जातो गं. वेळ कुठून काढू?"

काकू बाजारात गेल्या, काका सोफा पोचवायला गेले, आणि टिकोजीराव कामाला लागले.

काकू परतल्या तेव्हा खोलीत खुर्चीचा सांगाडा उभा होता. बाजूला काथ्याचा ढीग, आणि ढिगाशेजारी छाती काढून बसलेला कारागीर. काकूंच्या हातातली पिशवी आपोआप खाली टेकली. मागून काका आले. त्यांनी गुडघ्यावर बसून सांगाडा निरखला.

"लाकडाला दात लागलेला नाही," ते हळूच म्हणाले.

"दातांचं कौतुक नंतर." काकूंनी एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "उसवायला अर्धा दिवस जातो ना? तो गेला. आता सबब सांगा."

काका काथ्या गोळा करू लागले. "करतो," म्हणाले.

"करा. खुर्ची पुरी होईल त्याच्या दुसऱ्या सकाळी हा टोपलीत."

लोकांचा सोफा दोन दिवसांत उरकणाऱ्या काकांचा हात त्या खुर्चीला मात्र जड झाला. एका संध्याकाळी नुसते पट्टे ताणले. दुसऱ्या संध्याकाळी कापड बघितलं. तिसऱ्या संध्याकाळी ते कापड बरं नाही म्हणाले. काकू तोवर स्टुलावर बसायच्या. पायात चप्पल नव्हती, ती कुणी खाल्ली ते सगळ्यांना माहीत होतं. फरशी गार होती, तेव्हा टिकोजीराव त्यांच्या पावलांवर येऊन झोपायचा.

"अगं, मुंग्या येतील. काढ की पाय."

"झोपलेल्याला कशाला उठवायचं?" काकू म्हणायच्या, आणि खुर्ची कुठवर आली हे विचारायचं राहून जायचं.

तरी एक दिवस काम संपलंच. शेवटचा खिळा काकांनी फार सावकाश ठोकला.

सकाळी सायकलची घंटी वाजली. काकू नव्या खुर्चीत बसल्या होत्या. टिकोजीराव खुर्चीखाली होता.

"मग? काय ठरलं?" दूधवाल्याने विचारलं.

"टोपली सोडा," काकू म्हणाल्या.

काका फरशीकडे बघत राहिले. खुर्चीखालचा आणखी आत सरकला.

दूधवाल्याने सायकलवरची टोपली सोडून काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती खुर्चीशेजारी ठेवली, नव्या कापडाचा उरलेला तुकडा घडी घालून आत अंथरला. "झोपेल हिच्यात. माझे पाय तरी मोकळे होतील. तुम्ही दुसरी टोपली बघा, आणि उद्यापासून दूध थोडं जास्त घाला."

काकांनी उगाचच हातोडी पुसली.

टिकोजीरावाने बाहेर येऊन टोपली हुंगली. काठाला काकूंच्या हाताचा वास लागला होता. आत जाऊन बसायला हरकत नव्हती. मग त्याने मान लांब करून खुर्ची हुंगली. अगदीच कच्ची. काकूंचा वास नुकता कुठे धरत होता.

त्याने जांभई दिली आणि डोळे मिटले. पिकेल सावकाश. त्याला कुठे जायचं होतं?